आधी गुडघे, मग बाकीची

माझं माहेर राजापूरकडचं. राजापुरातून आत येणारी एस.टी. जिथं वळून परत जाते, तिथून पुढं कातळ ओलांडायचा, मग उतारावर आमची वाडी. बापूस मी लहान असतानाच गेला, त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही, म्हणजे आम्हाला काय होतं ते आयच. मी आणि माझा भाऊ, आणि आय. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडं, पावसात साकव वाहून जायचा, आय म्हणाली राहू दे, तर राहिलं. मला वाईट वाटलं पण मी काही बोलले नाही. मी तशी बोलणारी नाहीच. चार माणसं बसली की माझा आवाज आतल्या आत राहतो, आता साठी उलटली तरी तसंच आहे. हे तुम्हाला सांगतेय ते तुम्ही एकट्या आहात म्हणून, आणि तुम्ही हातातलं काम सोडून ऐकत नाही म्हणून. कोणी टक लावून ऐकायला लागलं की माझं बोलणं थांबतं.

लग्न होऊन इकडं रत्नागिरीच्या बाजूला आले. इकडनं रस्ता खाली आरे-वारेला उतरतो, तिकडनं पुढं गणपतीपुळ्याला गाड्या जातात, पण आमचं गाव आतलं, गाडीवाला इथं थांबला तर वाट चुकलेलाच असतो. घर एकच, वरून कौलांचं छप्पर सलग, मधनं चिऱ्याची भिंत घालून दोन भाग केलेले. एका बाजूला थोरले दीर आणि थोरली जाऊ, दुसऱ्या बाजूला आम्ही. पुढचं खळं एक, विहीर एक, गणपती एक. दोघे भाऊ मुंबईला, एकाच खोलीवर राहायचे, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. म्हणजे शेती केली ती आम्ही दोघींनी. मला लावणीला वाकायला थोरलीनं शिकवलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं कमी पाण्यात लावतात, इकडं पाणी जास्त, माझी रोपं तरंगून वर यायची, ती माझ्या मागनं येऊन परत लावायची आणि बोलायची, शेवंती, तुझा तरवा पोहायला निघाला बघ. पोरं झाली, तिला एक मुलगा, दिनेश, मला दोन मुली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं मला शेकलं. तेव्हा आमचं बरं होतं, चांगलंच होतं.

मग तो दिवस आला. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि एक मधलं आठवत नव्हतं, ते पुढं सांगते.

लावणीचे दिवस. तरवा, म्हणजे भाताची रोपं, आदल्या दिवशी उपटून मुठी बांधून ठेवलेला, आणि उपटलेला तरवा फार ठेवून चालत नाही, पिवळा पडतो. वाडीतल्या बायका आमच्याकडं आलेल्या, आज आमच्याकडं, उद्या आम्ही त्यांच्याकडं, असं असतं ते. मी सकाळीच खाचरात उतरले. थोरली घरी, भाकऱ्या करायला. तेव्हा गावात फोन फक्त दुकानात. माझ्या भावानं सकाळी दुकानात फोन केला, दुकानदार बिचारा पावसातनं आला आणि थोरलीला निरोप देऊन गेला, शेवंतीच्या आईचं जास्त आहे, तिला लगेच पाठवून द्या. थोरलीनं निरोप घेतला. आणि ठेवला. दुपारी भाकरी घेऊन शेतावर आली, सगळ्यांना वाढलं, मला वाढलं, आम्ही जेवलो, परत खाचरात उतरलो. अंधारून आलं, शेवटची मूठ लावली, घरी आलो, पाय धुतले, चहा घेतला. मग ती बोलली, शेवंती, तुझ्या आवशीचं बरं नाय, फोन आला व्हता.

शेवटची गाडी गेलेली. सकाळची पहिली धरून रत्नागिरीला, तिथनं राजापूर, तिथनं आत. कातळावर पोचले तेव्हाच मला कळलं, कारण खालनं मला कुणी हाक मारली नाही. भाऊ डोकं भादरून पडवीत बसलेला. मला बघितल्यावर म्हणाला, सकाळीच फोन केलावता ना गो. भावजय म्हणाली, दुपारपर्यंत दाराकडं बघत होती, मग मान टाकली. तुझ्यासाठी दिवेलागणीपर्यंत ठेवली, पण पाऊस वाढायला लागला, मग नेली.

परत आले तेव्हा थोरली खळ्यात होती. मी एवढंच विचारलं, फोन कधी आला होता. ती म्हणाली, सकाळी. बस. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. सतरा-अठरा वर्षं झाली असतील.

आता एका खळ्यात राहून अबोला धरायचा म्हणजे सोपं नाही. ती विहिरीवर असली की मी जायची नाही. गणपतीला मोदक दोघींनी एकाच स्वयंपाकघरात वळायचे, तिच्या पुढ्यातलं सारण संपलं की मी पातेलं सरकवायची, तोंड उघडायचं नाही. निरोप द्यायचा झाला तर मांजराला सांगायचं, म्हणजे मांजर मधे बसलेलं असायचं आणि मी त्याला म्हणायची, उद्या भटजी लवकर येणार आहेत हो मनीबाय. ती ऐकायची. ती पण मांजरालाच उत्तर द्यायची. आमच्या मालकांनी खूप समजावलं, दीरांनी समजावलं, मग दोघे थकले, मग दोघे एकामागनं एक गेले. मुली लग्न होऊन चिपळूणकडं. दिनेश नालासोपाऱ्याला. राहिलो आम्ही दोघी, मधे भिंत.

लोक म्हणतात राग वाईट. रागाचं मला तेवढं नाही वाटलं, राग अंगवळणी पडतो. वाईट वेगळंच होतं. माझी आय मला आठवेना. म्हणजे आठवायला गेले की आधी थोरली दिसायची, ओच्याला हात पुसत म्हणणारी, तुझ्या आवशीचं बरं नाय. आय आंबोळ्या घालतेय असं आठवायला जावं तर मधे ही उभी. आय माझी वेणी घालतेय, मधे ही. तिच्या पलीकडं जाताच यायचं नाही. आणि कधी पलीकडं गेलेच तर एकच आय दिसायची, दाराकडं बघणारी, जी मी बघितलेली पण नाही, भावजयीनं सांगितलेली. बापूस तर आधीच आठवत नव्हता. म्हटलं हिनं माझी आय दोनदा नेली. मला काय पाहिजे होतं म्हणाल तर एवढंच, एकदा आय नीट दिसावी, हिच्याशिवाय.

गेल्या वर्षी मला विहिरीवर चक्कर आली. बी.पी. निघालं. गोळी चालू झाली, आणि उपकेंद्रात नवीन मॅडम आलेल्या, देशावरच्या, लातूरकडच्या, वयानं माझ्या धाकटीएवढ्या, त्या म्हणाल्या आजी, बुधवारी सकाळी बायकांना बसवते मी, ध्यानाला, तुम्ही या, बी.पी.ला बरं. मी म्हटलं मला देवाधर्माचं येत नाही. त्या म्हणाल्या देवाधर्माचं नाही, नुसतं बसायचं आणि श्वास आत येतो तो बघायचा, बाहेर जातो तो बघायचा.

गेले. मागं कोपऱ्यात बसले. मॅडम म्हणतात श्वास बघा. आता श्वास कसा दिसणार, तुम्हीच सांगा. मी एक डोळा उघडून बघितलं, सगळ्या डोळे मिटून बसलेल्या, एक जण घोरत होती. पण दोन-चार बुधवार गेले आणि मला ते बरं वाटायला लागलं. कारण तिथं बोलायचं नव्हतं. माझ्यासारखीला असं ठिकाण कुठं मिळतं, जिथं गप्प बसलं की शाबासकी देतात? घरी पण करायला लागले. नुसतं बसून मला जमायचं नाही, हाताला काही हवं, म्हणून कुळीथ निवडत बसायची. एक श्वास, एक चिमूट कुळीथ. मॅडमना विचारलं असं चालतं का, त्या म्हणाल्या चालतं की.

मग एका बुधवारी त्या म्हणाल्या, आज जरा अवघड आहे. ज्या माणसानं आपल्याला दुखवलंय, त्या माणसाला समोर आणा. आणि नुसतं बघा. भांडायचं नाही, बोलायचं नाही, तोंड फिरवायचं नाही. श्वास चालू ठेवायचा आणि शांतपणे बघायचं. रोज थोडा वेळ.

मी म्हटलं, बरं. आणण्याची गरजच नाही, ती समोरच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूप घेतलं, कुळीथ घेतले, आणि रोज मी पाठ करून बसते ती त्या दिवशी तोंड तिच्या दाराकडं करून बसले. ती बाहेर आली. मी बघितलं. ती झाडायला लागली, मी बघितलं. श्वास आत, श्वास बाहेर. ती थांबली, माझ्याकडं बघितलं, झाडू टाकला आणि आत गेली. मी म्हटलं आजचं झालं. दुसऱ्या दिवशी परत.

आता तुम्ही हसाल. पण मी खरं सांगते, इतकी वर्षं एका खळ्यात राहून मी तिला बघितलीच नव्हती. अबोल्यात माणूस नजर खालीच ठेवतो, समोरच्याचे पाय दिसले की वळतो. मी बघितलं तर हिचे केस सगळे पांढरे. कधी झाले? पडवीच्या पायऱ्या उतरताना ती सरळ उतरत नाही, आडवी होते, एक हात भिंतीला लावते, आधी एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबते. दोन्ही गुडघ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली. विहिरीवरनं अर्धीच कळशी आणते. सकाळी भिंतीपलीकडनं मला कण्हल्याचा आवाज यायचा, तो मला वाटायचं ती मुद्दाम करते, मला ऐकू यावं म्हणून. तसं नव्हतं, उठताना तिचे गुडघे धरायचे.

तिनं काय केलं? तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. वास माझ्यापर्यंत आला. मी बघायचं सोडलं नाही, मॅडमनी रोज बघा म्हणून सांगितलेलं. मग एके सकाळी ती पायरीवर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, काय गो शेवंती, काय बघतंस अशी? डोळं फुटलं काय तुझं? मेल्या माणसाकडं पण कोण असं बघत नाय!

सतरा-अठरा वर्षांनी मला माझं नाव घेऊन बोलली, मधे मांजर पण नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी सूप तसंच टाकून आत गेले.

संध्याकाळी दिनेशचा फोन. काकी, आई सांगते तुम्ही तिच्यावर काहीतरी करताय. मी म्हटलं काय करू मी? तो म्हणाला, तुम्ही रोज सकाळी तिच्याकडं एकटक बघत बसता म्हणे, हातात कुळीथ घेऊन. मी म्हटलं, बी.पी.साठी आहे रे ते. तो म्हणाला, बी.पी.साठी आईकडं बघायला सांगितलंय? कोणी? मी म्हटलं, मॅडमनी. तो म्हणाला, गोळ्या बिळ्या नाहीत का दिल्या? मी म्हटलं, गोळी पण आहे, हे पण आहे. तो हसायला लागला, इतका हसला की पलीकडनं त्याची बायको विचारायला लागली काय झालं. बरं, म्हणाला, मी आईला सांगतो.

बुधवारी मी मॅडमना सगळं सांगितलं, सगळ्या उठून गेल्यावर. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो आजी, मनात! मनात समोर आणायचं म्हटलं मी, डोळे मिटून! मला वाटलं जमीन दुभंगावी. पण त्या मला हसल्या नाहीत, म्हणजे हसल्या, पण मग विचारलं, बघून काय दिसलं? मी म्हटलं, गुडघे. त्या म्हणाल्या, मग तिथनंच सुरू करू. आता त्या माणसाचं भलं चिंतायचं. मनात म्हणायचं, हिला बरं वाटो, हिचं चांगलं होवो.

ते मला येईना. डोळे मिटून बसले, हिला म्हणायला गेले की डोळे आपोआप उघडायचे. मॅडम म्हणाल्या आधी सोप्या माणसापासून करा. मग मी मांजराला म्हटलं. मग मॅडमना म्हटलं. मग सकाळच्या गाडीच्या कंडक्टरला म्हटलं, तो मला हात धरून चढवतो. हे सगळं भराभर झालं. थोरलीपाशी आले की गाडी अडली. मग मला सुचलं, सगळीचं नाही म्हणायचं. नुसत्या गुडघ्यांचं म्हणायचं. गुडघ्यांनी माझं काय केलंय? निरोप गुडघ्यांनी थोडाच ठेवला. तर म्हटलं, हिच्या गुडघ्यांना बरं वाटो. आणि ते निघालं तोंडातनं. दुसऱ्या दिवशी पण निघालं. पंधरवड्यानं मी पाठीपर्यंत पोचले, पाठीनं माझ्याबरोबर लावणी केली होती. मग हात. हातांनी माझ्या पोरी न्हाऊ घातल्या, हातांचं म्हणताना मला रडू आलं, का ते माहीत नाही. डोळ्यांचं म्हटलं, कानांचं पण म्हटलं, कानांनी निरोप नुसता ऐकला होता. तोंडापाशी थांबले. तोंडाचं नाही. त्या तोंडानं एक वाक्य बोलायचं होतं आणि दिवसभर बोललं नाही. मॅडमना सांगितलं तोंड राहिलंय. त्या म्हणाल्या राहू दे, घाई नाही. तोंडाचा राग आला की तो राग अंगात कुठं आहे ते बघा, आणि त्याला हाकलू नका. मी बघितलं. इथं असायचा, घशात, माशाचा काटा अडकतो तिथं. गिळलं की टोचायचा, नाही गिळलं तर नुसता असायचा. मी त्याच्याबरोबर बसायची. काही दिवशी तो मोठा, काही दिवशी बारीक.

इकडं दिनेशनं आईला काय सांगितलं देव जाणे. एका सकाळी मी कुळीथ घेऊन बसले, आता मी पाठ करूनच बसायची, डोळे मिटून. तर पायरीवर काठी वाजली. थोरली उतरत होती. खळ्याच्या मध्यावर आली, पाट टाकला, हळूहळू बसली, मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाली, घे. बघ. उतरू दे तुझं बी.पी.

तिला सांगायला पाहिजे होतं की बाई, ते माझं चुकलं, ते मनात करायचं असतं. पण ती इतकी ताठ बसली होती, फोटो काढायला बसतात तशी, पदर सारखा करून. मी वळून बसले. आणि बघितलं. दुसऱ्या दिवशी परत आली. रोज यायला लागली. कधी म्हणायची, आज लवकर बघ, माझा भात चुलीवर हाय. कधी म्हणायची, कालचं उतरलं काय? मी मान हलवायची. खरोखर उतरत होतं, मॅडमनी मोजलं होतं, गोळीनं असेल.

काजू पिकायला लागले होते तेव्हाची गोष्ट. ती अशीच बसलेली, मी बघतेय, आणि ती एकदम म्हणाली, तू मला नाय बघत शेवंती. मला ठाऊक हाय. तू तो दिवस बघतंस.

मी हातातले कुळीथ सुपात ठेवले.

ती म्हणाली, सांगणार व्हते मी. भाकरी घेऊन आले तेव्हाच सांगणार व्हते. पण तू सकाळपासनं वाकलेली, म्हटलं दोन घास खाऊ दे, सांगितलं तर जेवायची नाय, तशीच धावंल. जेवलीस की सांगू. मग जेवलीस तर तू हसत व्हतीस. सगळ्या हसत व्हत्या. ते हसणं बघून माझ्या तोंडाला आलं नाय. म्हटलं जरा वेळानं. मग तो जरा वेळ झालाच नाय.

ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, आणि तरवा पण व्हता. खोटं नाय बोलणार. तू गेली असतीस तर चार बायका तुझ्याबरोबर उठल्या असत्या, तरवा कुजला असता. ते पण माझ्या मनात व्हतं. तुझी आवस मरंल असं नव्हतं वाटलं. बरं नाय म्हणजे बरं नाय, तू उद्या जाशील, असं वाटलं.

मी उठले आणि आत गेले. तुम्हाला वाटेल आता मन मोकळं झालं असेल. कुठलं. मला इतका राग आला की इतक्या वर्षांत आला नव्हता. तरवा! म्हणजे मी मनात धरून होते तेच खरं होतं, तरव्याच्या मुठींपायी हिनं माझ्या आयचा निरोप ठेवला. आठ दिवस मी खळ्यात बसले नाही. सकाळी काठी वाजायची, पाट पडायचा, ती बसायची, थोड्या वेळानं उठायची. मी आत चुलीपाशी. श्वास बघायला गेले तर श्वास कुठला, नुसता जाळ. पण मॅडमनी सांगितलेलं की हाकलू नका, तर मी हाकलला नाही, त्याच्यापाशी बसले. आणि बसता बसता एक गोष्ट ध्यानात आली. ही तरव्याचं बोलली नसती तरी चाललं असतं. भाकरीचं सांगून गप्प बसली असती तर मी काय करणार होते? कोणाला विचारणार होते? तिनं आपणहून सांगितलं. ज्या तोंडाचा मी राग करत होते त्या तोंडानं सांगितलं. माझा राग काही गेला नाही त्यानं. पण काटा जरा आडवा होता तो उभा झाला म्हणा, गिळता यायला लागलं.

आणि दुसरं एक डोक्यात फिरायला लागलं. मी हसत होते म्हणते ही. मी कशाला हसत होते? मला बाकीचं सगळं आठवतं, पावसाचा जोर, भाकरीबरोबर सुक्या बांगड्याची चटणी होती तेसुद्धा, पण हसल्याचं आठवेना. माझी आय तिकडं दाराकडं बघतेय आणि मी इकडं हसत होते? कशाला?

शेवटी मी बाहेर गेले. ती पाटावर बसलेली. मी समोर बसले आणि विचारलं, वयनी, मी हसत कशाला होते?

वयनी म्हटलं मी. तिनं पण ऐकलं, तिनं काही दाखवलं नाही. ती म्हणाली, तुला आठवत नाय? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, अगो, तू तुझ्या आवशीचंच सांगत व्हतीस. फणसाचं.

कसला फणस? मी म्हटलं.

मग ती सांगायला लागली. तुझी आवस राजापूरच्या बाजारात फणस घेऊन निघाली, ह्यो एवढा फणस, डोक्यावर, आणि एस.टी.त चढली. कंडक्टर म्हणाला, आजी, फणसाचं तिकीट पडंल. आवस म्हणाली, पडंल तर पडंल, फाड. त्यानं फाडलं. ह्या फणसाला तिकीट हाय ना? हाय. मग उठा हो पावणं, म्हणाली एका माणसाला, माझ्या फणसाची शीट हाय ही, तिकीट काढलंय त्यानं. आणि खरंच त्याला उठवून फणस खिडकीशी बसवला. आणि आपण दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणतो आजी तुम्ही तरी बसा, तर म्हणाली, मी कशी बसू, मला फणसाच्या मांडीवर बसवतोस काय?

थोरली हे सांगताना उठून उभी राहिली. दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून उठली, काठी वर धरली, एस.टी.चा दांडा धरावा तशी, आणि मान तिरकी करून कंडक्टरला बोलायला लागली. मी असंच करून दाखवलं होतं म्हणे, चिखलातल्या पायांनी, बांधावर उभी राहून, सगळ्या बायका भाकरी हातात घेऊन हसत होत्या. मी, जी चार माणसांत बोलत नाही. थोरली म्हणाली, तू आवशीचं सांगायला लागलीस की तुझं तोंड मिटायचं नाय गो, बाकी वेळेला मुकी. आणि मला निरोप ठाऊक, आणि तू बांधावर उभी राहून आवशीची नक्कल करतंस. सांग, कशी सांगू मी तुला?

मी हसले. मग मला रडू आलं, मग परत हसले. ती उभीच होती, तिला बसता येईना, मी जाऊन तिला धरून बसवलं.

घरात आले, चुलीपुढं बसले आणि आय दिसली. मी आठवायला गेले नव्हते, तीच आली. एस.टी.त उभी, डोक्यावरची चुंबळ हातात, कपाळावरचं गोंदण घामानं ओलं झालेलं, ओठ असा आत घेतलेला, तिला हसू दाबायचं असलं की ती तसा घ्यायची. तो ओठ मी विसरले होते. ती दाराकडं बघत नव्हती. कंडक्टरकडं बघत होती.

तेव्हापासनं येते ती. रोज नाही, पण येते. थोरली मधे उभी नसते. तिचा आवाज मात्र असतो कधीकधी, कारण तो फणस मला तिच्या तोंडून परत मिळाला, आता माझ्या आवाजात तो मला ऐकूच येत नाही. असू दे. मी तिला आणखी विचारलं, मी काय काय सांगायचे आयचं. तिला बरंच ठाऊक आहे. लावणीच्या त्या सगळ्या वर्षांत मी तिच्या बाजूला वाकून बोलत होते, आणि माझं मी विसरले, तिनं ठेवलं. ठेवायची सवयच तिला, असं मी तिला तोंडावर बोलले एकदा. ती म्हणाली, व्हय, आणि तुला मागायची लाज.

आता आम्ही बोलतो. फार नाही. भांडतो पण, फणसाच्या पानांचा कचरा कुणाच्या बाजूला जास्त पडतो त्यावरनं, मांजर कुणाचं त्यावरनं. तिचे गुडघे दिनेश मुंबईला दाखवणार म्हणतो, ती जायला तयार नाही. मॅडमची बदली झाली, बुधवारचं बसणं बंद पडलं, पण माझं चालू आहे. जायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, आजी, तोंडाचं झालं का, माफ केलंत का पूर्ण? त्यांना मी ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. काही दिवशी माफ केलेलं असतं. काही दिवशी उठते तर नसतं, भावजयीचं ते दुपारपर्यंत बघत होती एवढंच डोक्यात असतं, आणि त्या दिवशी मी तिच्याकडं बघत नाही. त्या दिवशी चहा उशिरा होतो. पण टाकते ते आधण दोन कपांचंच टाकते, आणि भिंतीवर हात मारते, की ये.